अंजिराच्या काड्यांचा संच आणि कधीच न धरणारं फळ: तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: ‘पाच वाणांचा अंजीर संच’ अपुरी व दिशाभूल करणारी माहिती देऊन विकल्याबद्दल, रक्कम परत मिळणे व जाहिरात दुरुस्त होणेबाबत.

महोदय / महोदया,

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात मी आपल्या संकेतस्थळावरून अंजिराच्या छाट कलमांचा संच १,४९९ रुपयांना घेतला. पूना, पुरंदर, ब्राउन टर्की, ब्लॅक मिशन आणि कॅलिमिर्ना अशा पाच वाणांच्या काड्या त्यात होत्या. ‘सर्व वाण महाराष्ट्रात कुठेही, कुंडीतही भरघोस फळ देतात’ असं पानावर ठळक लिहिलेलं होतं. मी ठाण्यात राहते, इथे पावसाळाभर हवा दमट असते, तेव्हा यातले कोणते वाण घ्यावेत, असं मी खरेदीपूर्वी आपल्या प्रतिनिधीला लेखी विचारलं होतं. ‘सगळेच चालतील, मॅडम’ एवढंच उत्तर आलं. ते संभाषण सोबत जोडलं आहे.

काड्या रुजल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घेतलेल्या अशा नीट काड्या होत्या. माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं, घरची अंजिराची बाग. चांगली काडी कशी असते ते मला कळतं, आणि या चांगल्या होत्या. माझी तक्रार या काड्या ज्या नावांनी आणि ज्या आश्वासनावर विकल्या गेल्या त्याबद्दल आहे.

मुख्य मुद्दा कॅलिमिर्नाचा. संचात सर्वांत महाग दाखवलेला वाण हाच, आणि खरं सांगायचं तर मी संच घेतला तोही त्याच्यासाठीच. झाड जोमदार वाढलं, पानं तळहाताहून मोठी झाली. फळंही दिसू लागली. पण प्रत्येक फळ गोटीएवढं झालं की थांबतं, देठाकडून पिवळं पडतं, सुरकुततं आणि हात लागताच गळतं. गळलेलं फळ कापून पाहिलं तर आत पोकळ आणि कोरडं, गराचा पत्ता नाही. शेजारच्याच कुंडीत आपल्याच संचातला पूना अंजीर आहे. माती तीच, शेणखत तेच, पाणी तेच. त्याची फळं झाडावर पिकून मऊ होतात, चिरली की आत गुलाबी गर असतो.

आपल्या मदत कक्षाने आधी खत वाढवायला सांगितलं, मग बोरॉन फवारायला सांगितलं, शेवटी ‘झाडाला वेळ द्या’ म्हणून तक्रार बंद करून टाकली. झाडाला कितीही वर्षं दिली तरी फळ टिकणार नाही, आणि अंजिराच्या काड्या विकणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं. कॅलिमिर्ना हा स्मिर्ना गटातला अंजीर आहे. अंजिराचं जे आपण फळ म्हणतो ती आत वळलेल्या फुलांची बंद पिशवी असते. पूना, ब्राउन टर्की, ब्लॅक मिशन यांची फळं परागीभवनाशिवाय धरतात आणि पिकतात. स्मिर्ना गटाची तशी धरत नाहीत. त्यांना कॅप्रीफिग म्हणजे नर अंजिराचं झाड लागतं आणि त्या झाडाचे पराग अंगावर घेऊन फळाच्या डोळ्यातून, म्हणजे टोकाच्या बारीक छिद्रातून, आत शिरणारी ब्लास्टोफेगा नावाची इवलीशी गांधीलमाशी लागते. पुरंदरच्या बागांत कोणी नर अंजीर लावत नाही, कारण तिथल्या वाणाला त्याची गरजच नाही. मग ठाण्यातल्या माझ्या गच्चीवर ती माशी कुठून यायची?

यात नवीन काही नाही. १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियात तुर्कस्तानातल्या स्मिर्नाहून, म्हणजे आजच्या इझमीरहून, याच अंजिराच्या काड्या हजारोंनी नेऊन लावल्या गेल्या होत्या. तिथेही झाडं वाढली आणि फळं गळली, वर्षानुवर्षं गळत राहिली. नर झाडं लावून १८९९ मध्ये ती माशी तिथे स्थिरावली, तेव्हा कुठे फ्रेस्नो भागात पीक हाती आलं. कॅलिफोर्निया आणि स्मिर्ना मिळून कॅलिमिर्ना हे नावही त्यानंतरचं. आपल्या पानावर ‘कॅलिफोर्नियाचा जगप्रसिद्ध अंजीर’ असं लिहून सोनेरी सुक्या अंजिरांचा फोटो लावला आहे. प्रसिद्धी घेतली, पण ज्या अटीवर तिथे ते फळ येतं ती अट सांगितली नाही. शंभराहून अधिक वर्षं जगजाहीर असलेली गोष्ट आपल्याला माहीत नव्हती असं मी मानू शकत नाही. आणि खरोखरच माहीत नसेल, तर आपण लोकांना वाण निवडून देऊ नयेत.

दुसरा मुद्दा पूना आणि पुरंदरचा. आपण हे दोन वेगळे वाण म्हणून विकता आणि पुरंदरला ‘जीआय प्रमाणित दुर्मिळ वाण’ म्हणून जास्त किंमत लावता. पुरंदर अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते खरं, पण ते त्या भागात पिकणाऱ्या फळाला मिळालेलं आहे. तिथे लावतात तो वाण पूना अंजीरच. सासवड-दिव्याकडच्या मातीत, हवेत, मिठ्या बहारात, म्हणजे उन्हाळ्यातल्या बहारात, जे फळ येतं त्याची गोडी वेगळी. काडी ठाण्याला आणली की ती गोडी आपोआप तिच्याबरोबर येत नाही. दोन्ही झाडं आज माझ्यासमोर आहेत. पानांचा आकार, फळाचा रंग, साल, गर, कशातही फरक नाही. मानांकनाच्या नावावर एकच काडी दोन भावांनी विकणं हे माझ्या माहेरच्या गावांच्या नावाचा गैरवापर आहे आणि त्याचा मला मनापासून संताप आहे.

ब्लॅक मिशनच्या पानांवर पहिल्या पालवीपासून पिवळसर, वेडेवाकडे, कडा नसलेले डाग आहेत, काही पानं एका बाजूला आखडलेली आहेत. हा तांबेरा नाही. तांबेऱ्यात पानाच्या मागे तपकिरी भुकटी दिसते, इथे ती नाही. ही मोझॅक रोगाची लक्षणं आहेत, आणि मिशन हा वाण त्याला फार लवकर बळी पडतो. हा रोग बियांतून येत नाही. तो रोगट झाडाच्या काडीतून येतो आणि पुढे सूक्ष्म कोळी किडीमार्फत शेजारच्या झाडांवर जाऊ शकतो. मी ती कुंडी लांब ठेवली आहे. पण मातृवृक्ष निरोगी आहे की नाही हे काडी कापण्याआधी पाहायचं काम आपलं होतं. शिवाय संकेतस्थळाच्या पानावर ‘इम्पोर्टेड वुड’ (परदेशातून आणलेल्या काड्या) असा उल्लेख आहे. परदेशातून लागवडीचं साहित्य आणायचं तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. या काड्या खरोखर बाहेरून आल्या असतील तर त्या कागदांच्या प्रती मला हव्या आहेत. आल्या नसतील तर तो शब्द पानावरून काढा.

ब्राउन टर्की उत्तम आहे, हेही नमूद करते. मात्र त्याच्या फळाचा डोळा बराच उघडा असतो, त्यामुळे ठाण्याच्या पावसात पाणी आणि माश्या आत जाऊन फळ झाडावरच आंबतं. उन्हाळ्यातलं फळ छान येतं. मी दमट हवेचा प्रश्न विचारला होता तो याच कारणासाठी. अमेरिकेत लुइझियानासारख्या दमट, पावसाळी भागात सेलेस्टसारखे घट्ट मिटलेल्या डोळ्याचे वाण घरोघरी लावतात. ‘तुमच्याकडे बंद डोळ्याचा वाण घ्या, पावसाळ्यातलं फळ सोडून द्या’ एवढं एक वाक्य आपल्या प्रतिनिधीने लिहिलं असतं तरी पुरे होतं.

काडीपासून अंजीर लावणारा माणूस वाण एकदाच निवडतो. काडीतून तंतोतंत तेच झाड येतं, ते पुढे बदलत नाही. चुकीचा वाण निघाला तर पैशांपेक्षा त्यात गेलेली वर्षं आणि गच्चीवरची जागा वाया जाते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला दोन-तीन मोठ्या कुंड्यांपलीकडे जागा नसते.

म्हणून माझ्या मागण्या अशा. संचाची पूर्ण रक्कम परत करावी. बदली काड्या मला नकोत. कॅलिमिर्नाची विक्री ताबडतोब थांबवावी, किंवा ‘नर झाड आणि परागीभवन करणारी माशी नसेल तर फळ टिकत नाही’ हे नावाशेजारीच, किमतीच्याच आकाराच्या अक्षरांत लिहावं. सॅन पेद्रो गटातले वाण विकत असाल तर त्यांचा फक्त पहिला बहार परागीभवनाशिवाय येतो, मुख्य बहार येत नाही, हेही लिहावं. प्रत्येक वाणापुढे त्याचा गट आणि डोळा उघडा की बंद हे द्यावं. पूना आणि पुरंदर एकाच नावाने व एकाच किमतीत विकावेत. आणि ज्यांनी ज्यांनी हा संच घेतला आहे त्या सगळ्यांना कॅलिमिर्नाबद्दल लेखी कळवावं. फळ गळतंय म्हणून कितीतरी लोक आजही त्या झाडाला बोरॉन घालत बसले असतील.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणं बंधनकारक आहे. तसं न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आपल्या फळरोपवाटिका परवान्याचा क्रमांकही उत्तरात कळवावा, तो आपल्या पावतीवर कुठेही नाही.

आपली,
एक ग्राहक, ठाणे

सोबत: खरेदीची पावती, खरेदीपूर्व संभाषणाची प्रत, विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट, गळलेल्या व चिरलेल्या फळांचे आणि ब्लॅक मिशनच्या पानांचे फोटो.