टोळी निघण्याआधी गोळ्या हातात द्या

संपादक महोदय,

दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, धाराशिवहून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. त्यांत गरोदर बायाही असतात. कोणी एचआयव्हीबाधित असेल, तर तिच्या बाळाचा बचाव या पाच-सहा महिन्यांत अडतो.

उपचार नसेल तर गरोदरपण, प्रसूती आणि अंगावरचे दूध मिळून बाळाला संसर्गाचा धोका 15 ते 45 टक्के असतो. आईने एचआयव्हीवरची रोजची एक गोळी न चुकता घेतली तर तो 5 टक्क्यांच्या खाली येतो. गोळी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रात, मोफत मिळते. पण फडावरून केंद्रात जायचे म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेतून, कापले जातात. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांतच रक्तातले विषाणू पुन्हा वाढतात. म्हणून निघण्यापूर्वीच तीन महिन्यांच्या गोळ्या आणि उपचारपुस्तिका तिच्या हाती द्यावी आणि कारखान्याजवळच्या केंद्राला आधी कळवावे.

गरोदरपणाच्या बत्तिसाव्या आठवड्यानंतरची व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहेत याची) तपासणी नेमकी हंगामात येते आणि राहून जाते. तिच्यावरच बाळाचे औषध ठरते. आकडा हजाराच्या (दर मिलिलिटर रक्तात) आत असेल तर बाळाला सहा आठवडे एकच औषध, बहुधा नेव्हिरॅपिन, पुरते. तपासणी झालीच नसेल किंवा आकडा जास्त असेल, तर झिडोव्हुडिनही द्यावे लागते, आणि बाळ अंगावर पीत असेल तर दोन्ही बारा आठवडे. अडीच किलोवरच्या बाळाला नेव्हिरॅपिन दिवसातून एकदा 15 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या सिरपचे दीड मिलिलिटर. चमच्याने अंदाज चुकतो, त्यामुळे बाटलीसोबत सिरिंज द्यावी आणि आईकडून एकदा भरून घ्यावी. पहिला डोस जन्मानंतर काही तासांतच हवा. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, बाळंत झालेली बाई दोन दिवसांनी दवाखान्यात आली, तर ही वेळ टळलेली असते.

दुधाबाबत घोळ फार होतो. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध; मध, घुटी, पाणी, गाईचे दूध काहीही नको. वरचे काही दिले की आतड्याचे नाजूक अस्तर दुखावते आणि दुधातल्या विषाणूला वाट मिळते. हे आजीलाही सांगायला हवे, कारण घुटी बहुधा तीच उगाळते.

दीड महिन्याच्या लसीच्या वेळीच बाळाच्या एचआयव्ही तपासणीसाठी टाचेतून रक्ताचे थेंब कार्डावर घ्यावेत. अठरा महिन्यांपर्यंत साध्या चाचणीत आईच्याच प्रतिपिंडांमुळे बाळ पॉझिटिव्ह दिसू शकते, म्हणून त्या निकालावर कोणी घाबरू नये.

आमची मागणी एवढीच: हंगामाआधी आशाताईंनी टोळीतल्या सर्व गरोदर बायांची सरसकट यादी करावी. बाधितांची वेगळी यादी नको. ती मुकादमाच्या हाती लागली तर ती बाई पुन्हा केंद्राची पायरी चढणार नाही, आणि 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

– काही समुपदेशक व परिचारिका, मराठवाडा