नव्या फाइल सर्व्हरवर आमच्या फोल्डरांच्या परवानग्या पुसल्या गेल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: डेटा नव्या सर्व्हरवर हलवताना फोल्डरांच्या परवानग्या नाहीशा होणे, त्यानंतर सर्वांना पूर्ण अधिकार दिले जाणे आणि प्रश्न न सुटताच तिकीट बंद होणे

महोदय,

धरमपेठेत आमचे सीएचे ऑफिस आहे. सर्व्हरच्या देखभालीचा वार्षिक करार आपल्या कंपनीशी आहे आणि जुना सर्व्हर बदलून नवा बसवण्याचे कामही आम्ही आपल्याकडेच दिले. मशीन वेळेत आले, चांगले आहे, वायरिंग नीट झाले. त्याबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती त्यावरच्या डेटाच्या परवानग्यांची, आणि त्या बिघडल्यावर आपल्या माणसांनी जे केले त्याची.

आमच्या शेअर ड्राइव्हवर बुटीबोरीच्या कारखान्यांचे ताळेबंद आहेत, कळमन्याच्या अडत्यांची खाती आहेत, अनेक कुटुंबांची विवरणपत्रे, बँक स्टेटमेंट आणि पॅन-आधारच्या प्रती आहेत. जुन्या सर्व्हरवर कोणी काय पाहायचे हे नीट लावलेले होते. आर्टिकलला (आमच्याकडे प्रशिक्षण घेणाऱ्या सीएच्या विद्यार्थ्याला) ज्या ऑडिटवर पाठवले तेवढ्याच फोल्डरात लिहिता येई, बाकीचे फोल्डर त्याला दिसतही नसत. पगार आणि भागीदारांची खाती फक्त भागीदारांना. ही घडी बसवायला आम्हाला काही वर्षे लागली होती.

नवा सर्व्हर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत एक आर्टिकल माझ्या केबिनमध्ये आला, दार लोटून घेतले आणि म्हणाला, "सर, मी जीएसटीची एक फाइल शोधत होतो, तर भागीदारांचा फोल्डर उघडला गेला. आतलं काही वाचलं नाही मी, पण तुम्हाला सांगायला हवं असं वाटलं." त्याच्या प्रामाणिकपणामुळे आम्हाला कळले. आपल्याकडून नव्हे. मी त्याच्या मशीनवर जाऊन पाहिले तर सगळेच उघडे होते. पगारपत्रके, भागीदारांची उचल, आणि एका अशिलाच्या कारखान्याच्या विक्रीच्या बोलणीचा फोल्डर. त्या फोल्डरचे नुसते नाव वाचले तरी बातमी फुटते. जुन्या सर्व्हरवर, ज्याला अधिकार नाही त्याला फोल्डरचे नावही दिसू नये अशी सोय चालू होती. नव्या शेअरवर ती चालूच केलेली नाही.

मी सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या फोल्डरवर आयकॅक्ल्स ही परवानग्यांची यादी दाखवणारी आणि बदलणारी आज्ञा चालवली. पहिल्याच ओळीत एव्हरीवन, आणि पुढे कंसांत ओआय, सीआय आणि एफ. म्हणजे सर्वांना पूर्ण अधिकार, खालच्या फाइली आणि फोल्डरांसह. त्या ओळीत आय हे अक्षर नव्हते. अधिकार वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेला असता तर ते दिसले असते. याचा अर्थ हा अधिकार त्या फोल्डरवर थेट लिहिला गेला आहे. आणखी चार ठिकाणी पाहिले, अगदी खोलवरच्या एक्सेल फाइलीवरसुद्धा एव्हरीवनला थेट पूर्ण अधिकार. कोणीतरी मुळावर उभे राहून ग्रँटची, म्हणजे अधिकार देण्याची, आज्ञा स्लॅश टी (खालच्या सगळ्यांसह) लावून संपूर्ण ड्राइव्हभर फिरवली होती. म्हणूनच आता वरून एव्हरीवन काढून भागणार नाही, तो प्रत्येक फाइलीवरून काढावा लागेल.

असे का केले, याचा उलगडा आपल्या हेल्पडेस्कशी बोलताना झाला. डेटा रोबोकॉपीने, म्हणजे विंडोजच्या फाइली कॉपी करण्याच्या आज्ञेने, हलवला होता, पण परवानग्यांचा स्विच (आज्ञेपुढे लिहायचा पर्याय) न लावता. रोबोकॉपी आपण होऊन फक्त डेटा, गुणधर्म आणि तारखा नेते. परवानग्या न्यायच्या असतील तर सेक किंवा कॉपीऑल हा स्विच लिहावा लागतो, आणि हे त्या आज्ञेच्या मदतीच्या पानावरच छापलेले आहे. तो स्विच नव्हता म्हणून प्रत्येक फाइलीने नव्या ड्राइव्हच्या मुळावरचे अधिकार उचलले. सकाळी स्टाफची आरडाओरड सुरू झाली की फाइल सेव्ह होत नाही. त्यावर आपल्या इंजिनिअरने एव्हरीवनला सगळे देऊन टाकले. मी फोन केला तेव्हा मला मिळालेले उत्तर असे: "सर, आता सगळ्यांना ओपन होतंय ना? मग तिकीट क्लोज करतो." सगळ्यांना उघडते हाच बिघाड आहे, हे मी 2 वेळा समजावून सांगितले. तिकीट तरीही बंद झाले.

दुसरे तिकीट काढल्यावर बर्डीहून आपले इंजिनिअर आले. त्यांनी भागीदारांच्या फोल्डरवर डोमेन यूजर्स या गटाला नकार लावला. डोमेन म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या खात्यांची एकत्र व्यवस्था. डोमेनमधले प्रत्येक खाते या गटात आपोआप असते, भागीदारांचेही. आणि एकाच फोल्डरवर परवानगी आणि नकार दोन्ही थेट लिहिलेले असले तर नकाराचेच चालते. परिणामी ज्यांचा फोल्डर, तेच बाहेर. एका अशिलाची आयकर भवनात सुनावणी होती आणि तिचे कागद आतमध्ये अडकलेले. ते सोडवण्यासाठी टेकओन ही फाइलींची मालकी ताब्यात घेणारी आज्ञा चालवली गेली, तीही सगळ्या उपफोल्डरांसह. त्यामुळे प्रत्येक फाइलीचा मालक आता अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स दिसतो. ऑडिटचा कुठला वर्किंग पेपर मुळात कोणी तयार केला हे आम्ही मालकाच्या नावावरून ताडून पाहत असू. ती खूण गेली.

पुढे आम्ही आर्टिकलांसाठी गट करून द्या म्हटले, तर "गट चालत नाही" असे सांगून थेट माणसांच्या नावांवर अधिकार लिहिले गेले. गट चालत होता. गटात नाव घातल्यावर त्या माणसाने एकदा लॉगऑफ होऊन पुन्हा लॉगइन करावे लागते, तोपर्यंत त्याच्या सत्राला नवा गट माहीतच नसतो. एवढे त्या मुलाला सांगितले असते तर काम झाले असते. जुलै 2023 पासून आर्टिकलशिप 2 वर्षांची झाली आहे, म्हणजे आमच्याकडे मुले पूर्वीपेक्षा लवकर बदलतात. नावावर दिलेला अधिकार आर्टिकल ऑफिस सोडून गेल्यावर मागे राहतो, आणि खाते पुसले की यादीत नावाच्या जागी नुसता लांबलचक एसआयडी, म्हणजे त्या खात्याचा ओळख-क्रमांक, उरतो. तो कोणाचा हे वर्षभराने कोणीही सांगू शकणार नाही.

आपल्या हेल्पडेस्कचा शेवटचा मुद्दा होता की शेअरच्या परवानग्या तर पूर्वीसारख्याच आहेत. ते खरे आहे. जुन्या सर्व्हरवरही शेअर सगळ्यांना खुला होता. नेटवर्कवरून येणाऱ्याला शेअरची आणि एनटीएफएसची (डिस्कवरच्या प्रत्येक फाइल-फोल्डरवर लावलेली), अशा दोन्ही परवानग्या लागू होतात आणि त्यातली जी कडक ती चालते. आमची सगळी राखण एनटीएफएसवर होती, तीच आपण काढून टाकलीत. शिवाय जो थेट सर्व्हरवर बसून फाइल उघडतो त्याला शेअरच्या परवानगीचा अडसर मुळीच नसतो.

हा विषय आमच्यासाठी गैरसोयीपुरता नाही. सनदी लेखापाल कायदा, 1949 च्या दुसऱ्या अनुसूचीत अशिलाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करणे हे व्यावसायिक गैरवर्तन म्हणून पहिल्याच कलमात लिहिले आहे. सही माझी असते, उत्तर मला द्यावे लागते. लोक आपल्या घरातली, धंद्यातली माहिती आमच्यापुढे ठेवतात ती या भरवशावर. त्या भरवशाची किंमत आपल्या माणसांना कळलेली दिसली नाही, याचे मला सगळ्यात जास्त वाईट वाटले.

आणि हे सगळे टळण्यासारखे होते. परवानग्यांना हात लावण्याआधी आयकॅक्ल्स सेव्ह स्विच लावून एकदा चालवले असते तर सगळ्या यादीची प्रत एका मजकूर फाइलीत उतरली असती. काही बिघडले तर रिस्टोअर लावून परत. नव्या सर्व्हरवर एकदाही अशी प्रत घेतली गेलेली नाही, हे आपल्या इंजिनिअरने माझ्यासमोर मान्य केले.

जुना सर्व्हर अजून आमच्या स्टोअरमध्ये जसाच्या तसा आहे. बायबॅकमध्ये (जुने मशीन परत विकत घेण्याच्या योजनेत) तो नेण्यासाठी आपल्याकडून फोन येत आहेत. तो आम्ही तूर्त देणार नाही, त्याच्या डिस्क कोणीही फॉरमॅट करू नयेत. आमचे गट डोमेनवरचे आहेत, डोमेन तेच आहे, म्हणजे एसआयडी बदललेले नाहीत. जुन्या सर्व्हरवर सेव्ह करून ती फाइल नव्यावर रिस्टोअर केली तर परवानग्या परत येतील. मात्र त्या फाइलीत मालकाची नोंद नसते. मालकी रोबोकॉपीने आणावी लागेल, आणि तिथे आपल्या माणसांनी फार जपून काम करावे. रोबोकॉपी आपण होऊन जुनी फाइल नव्या फाइलीवर लिहून टाकते. जुन्या फाइली वगळणारा एक्सओ स्विच लावायचा राहिला तर स्थलांतरानंतर आम्ही केलेले सगळे काम जाईल. आधी एल स्विच लावून नुसती यादी काढावी, ती मला दाखवावी, एका फोल्डरवर करून पाहावे आणि मगच पुढे जावे. त्याआधी आजच्या स्थितीचा पूर्ण बॅकअप हवाच.

हे काम आपण विनामूल्य आणि अनुभवी माणसाकडून करून द्यावे, ऑफिस बंद असताना, मी समोर असताना. नव्या शेअरवर फोल्डर लपवण्याची सोय चालू करावी, नावांवर दिलेले अधिकार काढून गटांवर द्यावेत, आणि स्थलांतरापासून आजवर आमच्या सर्व्हरवर कोणकोणत्या आज्ञा चालवल्या, कोणी आणि केव्हा, याचा लेखी तपशील 7 दिवसांत पाठवावा. अशिलांनी विचारले तर मला त्यांना खरे काय ते सांगायचे आहे आणि त्यासाठी हा कागद लागेल.

तोपर्यंत आपल्या कंपनीचे रिमोट खाते आम्ही बंद ठेवले आहे आणि कराराचा पुढचा हप्ता थांबवला आहे. परवानग्या जुन्या यादीशी ताडून जुळल्या की त्याच दिवशी हप्ता भरला जाईल.

कळावे,

आपला,
भागीदार, सनदी लेखापाल कार्यालय
धरमपेठ, नागपूर