धारावी डबा ग्रुप : उलटी-जुलाब झाले तर वाचा

ताई, काकू सगळ्यांनी नीट वाचा, नुसता अंगठा दाबू नका. उलटी-जुलाब थांबले की लगेच पोळ्या लाटायला बसायचं नाही, नोरोव्हायरस (उलटी-जुलाब करणारा व्हायरस) नंतरही अंगात असतो म्हणून पुढचे ४८ तास सुट्टी, त्या दिवसांत डबे कोण करणार ते ग्रुपवर आधीच सांगा. आणि सॅनिटायझरवर विसंबू नका, या व्हायरसवर तो फारसा चालत नाही, साबण-पाणीच लागतं. सार्वजनिक संडासाबाहेर साबण नसतोच, वडी घरून न्या. कावीळ झाली तर निदान आठवडाभर स्वयंपाक बंद, ती तर डोळे पिवळे व्हायच्या आधीपासूनच पसरते. कोशिंबीर, चटणी शिजत नाही, तिथे जास्त जपा.