कुर्डुवाडी जंक्शनवरील अनोळखी मदतनीसांचे आभार

आषाढीसाठी पंढरपूरला निघालेल्या माझ्या आईला कुर्डुवाडी जंक्शनवर गाडी बदलताना भोवळ आली, तेव्हा तिला आधार देऊन बाकावर बसवणारे हमालदादा, स्वतःची लातूरची गाडी सोडून डॉक्टरांना घेऊन आलेला तरुण आणि शुद्धीवर आल्यावर टोपलीतले डाळिंब सोलून तिला एकेक दाणा भरवणाऱ्या शेतकरी मावशी, या सर्वांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांवरची गाडी याच स्थानकातून सुरू झाली. आज तेथे ब्रॉडगेज आहे, पण माणसांतला जिव्हाळा तोच आहे. गडबडीत आपली नावे विचारायची राहिली, याची मनापासून खंत वाटते. मावशी, आईच्या कपाळावर ठेवलेले आपले फडके आम्ही धुऊन जपून ठेवले आहे.