रोख चुकला

महोदय,

धर्मगुरूंना राजकारणापासून दूर ठेवावे, असे सुचवणारा आपला रविवारचा लेख वाचला. चिंता रास्त आहे, पण रोख चुकला. साधू, महंत, मौलवी हेही मतदारच. त्यांनी मत मांडायला हरकत कसली? त्यांना सत्तेच्या ओसरीवर पाट कोण मांडून देते, हे विचारायला हवे. आमच्याच मध्य प्रदेशात एप्रिल २०१८ मध्ये सरकारने पाच धर्मगुरूंना राज्यमंत्र्याचा दर्जा दिला. त्यांपैकी दोघांनी नर्मदाकाठच्या वृक्षलागवडीत घोटाळा झाल्याचा आरोप करून यात्रा जाहीर केली होती. दर्जा मिळाला आणि यात्रा बारगळली!

कायदा नाही असेही नाही. धार्मिक स्थळ राजकीय प्रचारासाठी वापरू देणाऱ्या व्यवस्थापकाला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, अशी तरतूद १९८८ पासून आहे. ती किती देवस्थानांच्या विश्वस्तांना ठाऊक असेल, देव जाणे. गेल्या निवडणुकीत आमच्या भागातल्या एका देवळात कीर्तन संपले, आरतीचे तबक फिरले आणि पेढ्याबरोबर उमेदवाराची चिठ्ठीही हातावर पडली. बुवा बिचारे टाळ-चिपळ्या आवरत होते. चिठ्ठ्या वाटणारे कार्यकर्ते पक्षाचे होते. चिठ्ठीवर छापखान्याचे नाव नव्हते. नियमाने ते असावे लागते. विश्वस्त शेजारीच उभे होते, त्यांनीही एक चिठ्ठी घेतली आणि घडी घालून खिशात ठेवली.

— एक वाचक, रामबाग, इंदूर