सामानाच्या ट्रकचं भाडं कुणी द्यायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना संपत आला की आमच्या बोईसरमध्ये दर दोन-चार दिवसांनी एखादा ट्रक सोसायटीच्या फाटकात उलटा लागलेला दिसतो. वर दोरखंडाने आवळलेल्या गाद्या, कपाट, मुलाची सायकल. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कुणीतरी नव्या नोकरीवर रुजू व्हायला आलेलं असतं. तो ट्रक पाहिला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, याचं भाडं कुणी दिलं असेल? याच विषयावर लिहायचं होतं.

मी केमिस्ट आहे. चिपळूणजवळच्या लोटे-परशुरामच्या एका कारखान्यात मालाचा दर्जा तपासणाऱ्या क्यूसी लॅबमध्ये अकरा वर्षं काढली आणि 5 जून 2023 रोजी इथल्या एका कंपनीत रुजू झाले. पगार 38 हजारांवरून 46 हजारांवर गेला. त्याआधी दोन वर्षांपूर्वी, 22 जुलै 2021 च्या पुरात, चिपळुणातल्या आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. फ्रिज, गिरणी, मुलाची पुस्तकं, सगळं वाशिष्ठी नदीने नेलं. त्यानंतर हप्त्यांवर घेऊन मांडलेला संसार आम्ही पुन्हा बांधायला काढला होता. शिल्लक म्हणावी असं हातात काही नव्हतं.

मुलाखत संपताना साहेबांनी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" मी म्हटलं, "नाही सर." खरं तर विचारायचं होतं. सामान आणायला कंपनी काही मदत करते का, हा प्रश्न ओठांवर आला होता. पण आई आदल्या दिवशी फोनवर म्हणाली होती, "आधी नोकरी पदरात पडू दे, मग बघ." शिवाय दुसरी एक भीती होती, जी माझ्यासारख्या बऱ्याच जणींना असेल. ट्रकचं नाव काढलं तर समोरच्याच्या डोळ्यांसमोर लगेच नवरा, सहावीतला मुलगा, शाळेचा प्रवेश, असं सगळं लटांबर उभं राहील आणि वाटेल, ही बाई सारख्या सुट्ट्या मागणार. म्हणून गप्प बसले.

त्या गप्प बसण्याचा हिशेब मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता, तो अजून आहे. आयशर आणि दोन्हीकडची हमाली 24 हजार. दलालाला एका महिन्याचं भाडं, 9 हजार. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी, माझ्या वाट्याचे अडीच हजार. घर बघायला दोघांच्या दोन फेऱ्या, चिपळूणहून पनवेल, मग वसई, विरार आणि तिथून डहाणू लोकल, शिवाय एक रात्र लॉजवर, मिळून 4,800. मुलाचा प्रवेश आणि नवा गणवेश साडेअठरा हजार. पंखे, पाण्याचं फिल्टर काढणं-बसवणं 1,700. एकूण साठ हजार पाचशे, आणि घराचं डिपॉझिट 30 हजार वेगळं. डिपॉझिट परत मिळतं हे खरं, पण ते घर सोडताना. महिन्याला आठ हजारांची वाढ मिळणार म्हणून आलेल्या माणसाचे पहिले साडेसात महिने जागा बदलण्याचीच भरपाई करण्यात गेले. माझ्या दोन पाटल्या पतसंस्थेत गहाण पडल्या, त्या सोडवायला चौदा महिने लागले. चिपळुणात यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. इथे नवी गिऱ्हाइकं जोडायला त्यांचं वर्ष गेलं. ते मी हिशेबात धरलेलंच नाही.

मग ऑगस्टमध्ये कँटीनमध्ये जेवताना कळलं, की मी रुजू झाले त्याच महिन्यात, त्याच पदावर अंकलेश्वरहून आलेल्या सहकाऱ्याला कंपनीने ट्रक दिला होता आणि पहिले पंधरा दिवस गेस्ट हाऊसवर ठेवलं होतं. त्यालाही बायको-मुलगा आहे. त्याने लटांबराचा विचार केला नव्हता, सरळ विचारलं होतं. मी एचआरकडे गेले. तिथल्या ताई वाईट वागल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, आपल्याकडे सोय आहे. पण कुणी मागितलं तरच देतो. तुम्ही मागितलंच नाही." त्या दिवशी लॅबमध्ये परत येऊन मी एचपीएलसी या तपासणीच्या यंत्रासमोर नुसती बसून राहिले. नमुना लावायचंही सुचेना.

संपादक महोदय, माझं म्हणणं एवढंच आहे, की ही सोय ऑफर लेटरमध्ये छापलेली असावी. विचारण्याची हिंमत आहे त्याला ट्रक, आणि संकोच करणाऱ्याने पाटल्या गहाण टाकायच्या, हा न्याय नाही. ज्याच्या गाठीला पैसा नसतो तोच जास्त संकोच करतो.

माझा भाऊ केंद्र सरकारी नोकरीत आहे. सातव्या वेतन आयोगानंतर त्यांच्याकडे 20 किलोमीटरपेक्षा लांब बदली झाली, तर मूळ वेतनाच्या 80 टक्के रक्कम एकरकमी मिळते. त्याचं मूळ वेतन तेव्हा 44,900 होतं, त्याला 35,920 रुपये मिळाले. कुटुंबाचा प्रवास आणि सामानाची वाहतूक याचे पैसे वेगळे. त्याला कुणी हावरट म्हटलं नाही. यावर कुणी म्हणेल, बदली साहेब करतात, नवी नोकरी तुम्ही आपणहून धरलीत. कबूल. पण कंपनीला माझ्या अनुभवाचा माणूस चार महिने इथे मिळत नव्हता, म्हणून तर चिपळूणपर्यंत फोन आला. गरज दोन्हीकडची होती, तर खर्च एकाचाच का? ठेकेदाराने परराज्यातून आणलेल्या मजुरांसाठी 1979 च्या कायद्यात येण्या-जाण्याचं भाडं आणि अर्ध्या महिन्याच्या मजुरीइतका विस्थापन भत्ता ठेवला होता. माणूस उठून दुसरीकडे जातो तेव्हा त्याला झळ बसते, हे तेव्हा लिहिणाऱ्यांना दिसलं होतं.

नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, मला माझ्या अनुभवातलं सांगायचं आहे. ऑफर हातात आली, पण तुम्ही अजून सही केलेली नाही, तेव्हाच विचारा. रुजू झाल्यावर कुणी ऐकत नाही. "काहीतरी मदत करा" असं मोघम बोलू नका. दोन-तीन ट्रकवाल्यांचे दर लेखी घ्या आणि सांगा, ट्रकला इतके लागतील, घर मिळेपर्यंत पंधरा दिवस राहायची सोय हवी. तोंडी होकारावर थांबू नका, मेलवर घ्या. "आधी खर्च करा, मग बिलं द्या" असं म्हणाले, तर पैसे किती दिवसांत मिळतील तेही विचारा. आधी खर्च करायलाच ज्याच्याकडे नाही, त्याने कंपनीला ट्रकवाल्याचे पैसे परस्पर द्यायला सांगावं. नाक्यावरचा टेम्पोवाला चिठ्ठी देतो, बिल देत नाही, आणि लेखा विभाग चिठ्ठी परत पाठवतो. याच कारणाने आमच्याकडच्या एका मुलाचे अकरा हजार बुडाले. ट्रकच्या भाड्याऐवजी जॉइनिंग बोनस देऊ म्हणाले, तर तो पगारातच धरला जातो आणि त्यावर कर कापून हातात येतो, हे लक्षात ठेवा.

डिपॉझिटसाठी मात्र मी उचल मागायला सांगेन. बिनव्याजी, दहा महिन्यांत पगारातून कापून घ्या म्हणावं. कंपनीचा एक रुपयाही बुडत नाही आणि माणसाचं सोनं घरात राहतं. उचल म्हटलं की मराठवाड्यातला ऊसतोड कामगार डोळ्यांपुढे येतो, मुकादमाची उचल फेडता फेडता त्याचा हंगामच्या हंगाम जातो, हे मी विसरलेली नाही. म्हणून परतफेडीची अट शब्दन् शब्द वाचा. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर सगळी रक्कम परत मागतात, की राहिलेल्या महिन्यांपुरती, यात मोठा फरक आहे. आणि कंपनीनेच काढून टाकलं तर काय, तेही लिहून घ्या.

गेल्या महिन्यात मुलाखत घ्यायला मी टेबलाच्या या बाजूला बसले होते. परभणीची मुलगी, एम.एस्सी., उत्तरं नेमकी. शेवटी मी विचारलं, "काही विचारायचंय?" तिने मान हलवली, "नाही मॅडम." मी विचारलं, "सामान कसं आणणार?" ती क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, मामांचा पिकअप आहे, डिझेलचं बघू. सोबत आई येणार होती, एकटी.

त्याच संध्याकाळी मी एचआरला मेल केला. ट्रकचं भाडं आणि पंधरा दिवसांचं गेस्ट हाऊस तिच्या ऑफर लेटरमध्ये लिहून आलं आहे. डिपॉझिटच्या उचलीवर मात्र अजून उत्तर आलेलं नाही. मी दर सोमवारी आठवण करून देते आहे.

कंपनी ओळखू येईल, म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, बोईसर (जि. पालघर)