वहिनींना वाचून दाखवू नये असं पत्र

प्रिय सुध्या,

तब्येत बरी, गुडघा होता तसाच.

झोपेची तपासणी झाली. तासाला ४२ वेळा श्वास अडखळतो म्हणे, ॲप्निया म्हणतात त्याला, आणि ३० च्या पुढे सगळं गंभीरच. आता रात्री नाकावर मास्क, उशाशी सीपॅपचं मशीन, हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं. घोरणं थांबलं तर हिलाच झोप लागेना, मध्येच उठून मी जिवंत आहे ना ते बघते! रत्नागिरीच्या लॉजवर माझी गादी तू व्हरांड्यात फेकली होतीस, ते मात्र मी सोडणार नाही.

रात्री लघवीला उठणंही थांबलं. श्वास कोंडला की छातीत ओढ बसते, हृदयाचा कप्पा ताणतो, त्याला वाटतं रक्तच जास्त झालंय, आणि तो लघवी वाढवणारं हार्मोन सोडतो. मी इतके दिवस बिचाऱ्या प्रोस्टेटला शिव्या घालत होतो.

बीपीच्या गोळ्या सुटतील म्हणून खूश होतो, तर डॉक्टर म्हणाले, सरासरी दोन-तीन अंकच उतरतो. तीन-तीन गोळ्यांना न जुमानणाऱ्यांना जरा जास्त फायदा. तोही मास्क रात्रभर तोंडावर ठेवला तर.

पण लिहायचंय ते वेगळंच. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ते पुरुषी हार्मोन, कमी आलंय. जिममधला पोरगा म्हणाला, काका, इंजेक्शन घ्या, विशीत जाल. छातीचे डॉक्टर उखडलेच. ॲप्नियावर नीट उपचार झाल्याशिवाय ते घेतलं तर श्वास आणखी अडू शकतो. मग मशीनने वाढेल का? नुसत्या मशीनने फारसं वाढत नाही, पोट उतरवा, म्हणाले. म्हणजे फिरून गाडी माझ्या पोटावरच! तू हसशील, हस. पण हिला वाटतंय, माझं तिच्यावरून मन उडालं. परवा पाठ फिरवून म्हणाली, "मास्क घाला आणि झोपा." रिपोर्ट कपाटात कपड्यांखाली ठेवलाय. बीपीचा आकडा मी वाण्यालासुद्धा सांगतो रे, हा आकडा जिभेवर येत नाही. नागपूरच्या त्या वर्षात तू वहिनींना कसं सांगितलंस? आधी बोललास, की कागदच पुढे केलास?

मन्याचं जर्मनीचं ठरलं का? पत्र्याची गळती थांबली? काकूंना नमस्कार. फोन करू नकोस, हल्ली तो हीच उचलते. आणि इंजेक्शनवरून टोमणा मारायचाच असेल तर पत्राच्या शेवटी मार, आधी उत्तर लिही.

तुझा,
बाळ्या